दिवाळीचे फटाके : परंपरा किती जुनी आणि किंमत कोणाला मोजावी लागते?



दसरा झाला की दवाखान्यात दोन प्रकारचे प्रश्न सुरू होतात. दमा, हृदयविकार किंवा सीओपीडी असलेले रुग्ण विचारतात, "डॉक्टर, यंदा दिवाळीत गावी जाऊ का?" आणि लहान मुलांचे आईवडील विचारतात, "फटाके अजिबात नाही म्हटलं तर मुलं हिरमुसतात. शिवाय आपली परंपराच आहे ना ती?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्रात मिळते. दुसऱ्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. तो पाहिला की लक्षात येते, आज आपण ज्याला दिवाळीची परंपरा म्हणतो तिचे रूप वेळोवेळी बदलत आले आहे. इमारतीच्या आवारात, गल्लीत, दारासमोर प्रत्येक घराने आपापले फटाके उडवायचे, हे रूप तर त्या मानाने अगदी अलीकडचे आहे. म्हणून आजच्या लेखात आधी इतिहास, मग शरीरावरचे परिणाम आणि शेवटी काय करावे, असा क्रम ठेवतो.

दिवे आधी, दारूकाम नंतर

दिवाळीत दिवे लावण्याची चाल फार जुनी आहे. आश्विन अमावास्येला पितरांना वाट दिसावी म्हणून हातात पेटती चूड धरण्याचा आचारही धर्मग्रंथांत सांगितला आहे. त्याला उल्कादान म्हणतात. "फटाके शास्त्रात आहेत" असे सांगणारे बहुधा याचाच दाखला देतात. पण चूड म्हणजे उजेड. तिच्यात स्फोटाची दारू नसते.

सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाची, म्हणजे बंदुकीच्या दारूची, माहिती चीनमध्ये साधारण नवव्या शतकात झाली. भारतात शोभेच्या दारूचे स्पष्ट उल्लेख मिळतात ते पंधराव्या शतकापासून. हा सगळा इतिहास खणून काढणारे संशोधक आपल्याच महाराष्ट्रातले, ही अभिमानाची गोष्ट. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी इ.स. १४०० ते १९०० या पाचशे वर्षांतील भारतीय आतषबाजीचा इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला आहे. या विषयावर आजही त्यांचाच आधार घ्यावा लागतो.

गोडे यांनी जमवलेल्या पुराव्यांत काही नोंदी फार बोलक्या आहेत. इराणच्या शाहरुख बादशहाचा वकील अब्दुर रझ्झाक १४४३ साली विजयनगरात होता. तिथल्या महानवमीच्या उत्सवात त्याने आतषबाजी पाहिली. ओडिशाचा गजपती राजा प्रतापरुद्रदेव (१४९७ ते १५४०) याच्या नावावर असलेल्या 'कौतुकचिंतामणी' या संस्कृत ग्रंथात शोभेच्या दारूची चक्क मापे आणि कृती दिल्या आहेत. आणि आपल्या संत एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त, सोळाव्या शतकात, लग्नसोहळ्याच्या वर्णनात दारूकाम येते.

या नोंदी नीट पाहा. राजाचा दरबार, महानवमीचा उत्सव, राजकन्येचे लग्न. म्हणजे दारूकाम हा राजेरजवाड्यांचा खर्चिक देखावा होता. तो जाणकार कारागीर करत आणि बाकीची प्रजा लांबून पाहत असे.

पर्वतीच्या पायथ्याची दारूची लंका

मराठी मुलखातली सर्वांत रंजक हकिकत पेशव्यांच्या बखरीत आहे. महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात आले तेव्हा त्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. तिथे चार दिवस लाखो दिवे लावतात आणि राजा नगराबाहेर दारूची लंका उभारतो. मध्यभागी रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि एक मोठा मारुती, सगळे दारूचे. मारुतीच्या शेपटीला आग लावली की तो उडत जाऊन लंकेतली घरे पेटवत सुटतो.

हे ऐकून तरुण पेशव्यांना तसाच देखावा पाहण्याची इच्छा झाली. बखर सांगते की महादजींनी पंधरा दिवसांत पर्वतीजवळ सगळी तयारी केली आणि पेशव्यांनी सरदारांसह तो देखावा पाहिला. पुण्यातले लोकही गर्दी करून आले होते. महादजी १७९२ ते १७९४ या काळात पुण्यात होते, म्हणजे ही गोष्ट सव्वादोनशे वर्षांपूर्वीची.

मला या हकिकतीतले दोन तपशील महत्त्वाचे वाटतात. एक, कोट्याचा देखावा नगराबाहेर होत असे आणि पुण्याचा पर्वतीजवळ, म्हणजे तेव्हाच्या वस्तीपासून दूर. दोन, एकच देखावा अख्ख्या गावासाठी. आग आणि धूर घरांपासून लांब ठेवायचे, ही समज त्या काळातही होती.

लवंगी घरोघर कशी आली?

घरोघरच्या फटाक्यांचा इतिहास विसाव्या शतकात तमिळनाडूतल्या शिवकाशीत सुरू होतो. हा कोरडा, दुष्काळी प्रदेश. शेती बेभरवशाची. १९२३ साली तिथले अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोन तरुण कोलकात्याला जाऊन काडेपेटी बनवायला शिकले आणि परत येऊन त्यांनी कारखाना काढला. काडेपेटीच्या पाठोपाठ फटाके आले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल येणे थांबले, त्याच सुमारास १९४० च्या स्फोटक पदार्थांच्या नियमांनी परवान्याची पद्धत आणली आणि देशी कारखान्यांना मोठी बाजारपेठ मिळाली. स्वातंत्र्यानंतर देशातले बहुतांश फटाके शिवकाशी परिसरातून येऊ लागले.

राजवाड्यापुरते असलेले दारूकाम स्वस्त झाले आणि किराणा दुकानाच्या फळीवर आले. फुलबाज्या, भुईनळे, भुईचक्र, लवंगीची माळ, सुतळी बॉम्ब. आपल्या आजोबांच्या लहानपणी हे अप्रूप होते. आपल्या लहानपणी ते किल्ला, फराळ आणि उटण्याइतकेच 'पूर्वापार' वाटू लागले होते. परंपरा इतक्या लवकर तयार होऊ शकते.

या स्वस्ताईची किंमत कोणीतरी देत होतेच. शिवकाशीच्या काडेपेटी आणि फटाका उद्योगातील बालमजुरीचा प्रश्न एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. १० डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने धोकादायक उद्योगांतल्या मुलांना कामावरून काढून शाळेत पाठवण्याचे आदेश दिले आणि अशा प्रत्येक मुलामागे मालकाने २० हजार रुपये कल्याण निधीत भरावेत असे सांगितले. बालमजुरीविरुद्ध कायदे झाले, तरी स्फोट थांबले नाहीत. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळच्या मुदलीपट्टी येथील कारखान्यात झालेल्या स्फोटांत ३५ हून अधिक माणसे गेली.

हे सगळे दूर तमिळनाडूत घडते असे समजू नका. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावरचा फटाक्यांचा बाजारच्या बाजार जळून खाक झाला. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या तळवडे भागात केकवर लावायच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागून अनेक महिला कामगारांचा मृत्यू झाला. ज्या 'निरुपद्रवी' वस्तूने मुलाचा वाढदिवस सजतो, तिच्यामागेही हाच इतिहास आहे.

डॉक्टर न्यायालयात जातात

आता मुंबईकडे येऊ. सण आणि आवाज यांच्या प्रश्नावर मुंबईत पहिल्यांदा चिकाटीने लढणाऱ्यांत एक डॉक्टर होते, डॉ. यशवंत त्रिंबक ओक. आवाजाने माणसे आजारी पडतात हे ते सांगत होते, तेव्हा आवाजाला कोणी प्रदूषण मानतच नव्हते. १९८५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ती मुख्यतः लाउडस्पीकरबद्दल होती, पण 'माझ्या सणाचा आवाज शेजाऱ्याच्या कानावर किती आणि किती वाजेपर्यंत?' हा प्रश्न तिथून सार्वजनिक झाला.

पुढे आपले वांद्रे या लढ्याचे एक केंद्र बनले. वांद्र्याच्या सुमैरा अब्दुलअली यांनी २००३ मध्ये डॉ. ओक यांच्यासोबत रुग्णालये आणि शाळांभोवतीच्या शांतता क्षेत्रांसाठी उच्च न्यायालयात दाद मागितली. २००६ मध्ये त्यांनी आवाज फाउंडेशन स्थापन केले. त्यांची पद्धत साधी होती. हातात डेसिबल मोजणारे यंत्र घ्यायचे, सणाच्या रात्री रस्त्यावर उभे राहायचे आणि आकडा लिहून घ्यायचा. 'खूप आवाज होतो' ही तक्रार झाली. 'इतक्या वाजता, या ठिकाणी इतके डेसिबल' हा पुरावा झाला. डॉक्टर या नात्याने मला ही पद्धत जवळची वाटते. अंगावर हात ठेवून ताप आहे म्हणणे वेगळे आणि थर्मामीटरवर १०२ दाखवणे वेगळे.

पुढे ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनीही सणांतील आवाजाविरुद्ध जनहित याचिका केली. तिच्यावर ऑगस्ट २०१६ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सविस्तर निकाल दिला. लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे त्यात स्पष्ट झाले. याचिकाकर्त्यांत पुन्हा एक डॉक्टर, हा योगायोग नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी रुग्ण आमच्याकडेच येतात.

नियम कसे बदलत गेले

फटाक्यांचे नियम एका दिवसात आले नाहीत. थोडक्यात क्रम असा :

१९९९ : केंद्र सरकारने फटाक्यांच्या आवाजाची मर्यादा ठरवली. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल.

२००० : ध्वनिप्रदूषण नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. २०१७ मध्ये केंद्राने या नियमांत दुरुस्ती केली. त्यानंतर राज्य सरकारने घोषित केल्याशिवाय एखादी जागा शांतता क्षेत्र धरली जात नाही.

२००५ : १८ जुलैच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके बंद केले. दिवाळीचे नाते मुख्यतः पूजेशी आहे, फटाक्यांशी नाही, असे मतही नोंदवले. मात्र नुसता रंग आणि उजेड देणाऱ्या फटाक्यांना वेळेचे बंधन नको, असेही सांगितले.

२०१८ : २३ ऑक्टोबरचा निकाल. यावेळी याचिका दिल्लीच्या तीन तान्ह्या मुलांच्या नावाने त्यांच्या पालकांनी केली होती आणि मुद्दा धुराचा होता. दिवाळीला रात्री ८ ते १० एवढीच वेळ, फक्त 'ग्रीन' फटाके, माळांवर, बेरियमच्या क्षारांवर आणि ऑनलाइन विक्रीवर बंदी. शक्य तिथे एका ठरलेल्या मैदानावर सामूहिक आतषबाजी करावी, असेही न्यायालयाने सुचवले. नाताळ आणि नववर्षालाही रात्री ११.५५ ते १२.३० अशी वेळ ठरवून दिली. म्हणजे नियम एका धर्मापुरता नव्हता.

२०२० : कोविडच्या दिवाळीत मुंबई महापालिकेने फटाके बंद केले आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सोसायटीच्या आवारात फुलबाजी-भुईनळ्यापुरती सूट दिली.

२०२३ : मुंबईची हवा बिघडल्याने उच्च न्यायालयाने आधी ६ नोव्हेंबरला सायंकाळी ७ ते १० आणि मग १० नोव्हेंबरला ती आणखी कमी करून ८ ते १० अशी वेळ ठरवली.

या क्रमात एक गोष्ट दिसते का? २००५ पर्यंत आपण कानाचा विचार करत होतो. बॉम्ब वाईट, फुलबाजी चांगली. फुप्फुसाचा विचार २०१८ ला आला. सर्वसामान्य घरांत मात्र अजून २००५ चाच हिशेब चालू आहे. "आम्ही बॉम्ब नाही आणत डॉक्टर, फक्त लहान मुलांचे फटाके," हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो.

लहान मुलांचे फटाके खरेच लहान आहेत का?

याचे उत्तर पुण्यात मिळाले. चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठ यांनी नेहमीचे सहा फटाके पेटवून, जवळून किती बारीक कण (पीएम २.५) बाहेर पडतात ते मोजले. सर्वाधिक पातळी गाठली कोणी? नागगोळीने. दर घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम. माळेची ३८,५४०, फुलबाजीची १०,३९०, भुईचक्राची ९,४९० आणि भुईनळ्याची ४,८६०.

तुलनेसाठी : २४ तासांच्या सरासरीची भारतीय मर्यादा ६० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५. क्षणिक उच्चांक आणि दिवसभराची सरासरी यांची थेट बरोबरी करता येत नाही, हे खरे. पण नागगोळी पेटवणारे मूल तिच्यावर वाकून पाहत असते, आणि त्याचे नाक जमिनीपासून जेमतेम दोन-तीन फुटांवर असते. आवाज नाही म्हणून जो फटाका आपण सर्वांत धाकट्याच्या हातात देतो, तोच जवळून सर्वाधिक धूर देतो.

पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके बारीक कण. नाक आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या खोल वायुकोशांपर्यंत जातात. सोबत गंधकाचा वायू असतो, त्याने दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिका आकसतात. रंगांसाठी घातलेले धातू असतात, हिरव्यासाठी बेरियम, लालसाठी स्ट्रॉन्शियम, निळ्यासाठी तांबे, पांढऱ्या लखलखाटासाठी ॲल्युमिनियम. बारीक कणांमुळे दमा आणि सीओपीडी बळावतात हे बहुतेकांना ठाऊक असते. पण हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोकाही अशा हवेत वाढतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

'ग्रीन' फटाक्यांबद्दलही गैरसमज आहे. हे नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने विकसित केले. त्यांच्यातून कण साधारण ३० टक्के कमी निघतात. म्हणजे जुन्या फटाक्यांच्या ७० टक्के निघतातच. ग्रीन म्हणजे धूरमुक्त नव्हे.

वांद्र्याच्या गल्लीत ४ मीटर कुठून आणायचे?

आवाजाचा हिशेब समजून घेऊ. डेसिबलचे प्रमाण साधे नसते. १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आणि फटाक्याची परवानगी १२५, म्हणजे ढोबळमानाने एक कोटी पट तीव्रता. तीही ४ मीटर अंतरावर.

आता आपले रणवार किंवा चिंबईच्या गल्ल्या डोळ्यासमोर आणा. कित्येक ठिकाणी गल्लीच जेमतेम ४ मीटर रुंद. पूर्वेला खेरवाडी, बेहरामपाड्यासारख्या वस्त्यांत तर घराचा उंबरा हाच रस्ता. तिथे माळ लावली की अंतर राहत नाही आणि आवाज दोन्ही भिंतींवर आपटून परत येतो. लीलावती, होली फॅमिली, महापालिकेचे भाभा ही रुग्णालये याच वस्तीत आहेत.

असा अचानक मोठा आवाज कानाच्या आतल्या नाजूक पेशींना कायमची इजा करू शकतो. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. स्फोटानंतर कानात शिट्टी वाजत राहणे ही त्याची पहिली खूण. शिवाय आवाजाने शरीर दचकते, नाडी आणि रक्तदाब वाढतो, झोप मोडते. तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया, डिमेन्शिया असलेले वृद्ध आणि घरातली कुत्री-मांजरे यांना हे कोणी समजावून सांगू शकत नाही.

धुराबाबत वांद्र्याची एक समजूत आहे, "आपल्याकडे समुद्र आहे, वारा घेऊन जातो." पावसाळ्यात ते खरे. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री समुद्राकडून येणारा वारा पडतो, जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. धूर वर जात नाही. त्यात बांधकामांची धूळ आणि वाहनांचा धूर आधीपासून असतोच. दिवाळी नेमकी या दिवसांत येते.

बदल होतो का? होतो.

आवाज फाउंडेशनने दिवाळीत मुंबईत नोंदवलेला सर्वाधिक आवाज २०१८ मध्ये ११४.१ डेसिबल होता, २०१९ मध्ये ११२.३ आणि २०२० मध्ये १०५.५. पुढच्या काही वर्षांत तो पुन्हा वर गेला, म्हणजे लढाई संपलेली नाही. पण उतार शक्य आहे, हे या तीन आकड्यांनी दाखवले. २०२० ला कोविडचे कारण होते, पण आधीची घट कोविडपूर्वीची आहे. त्यात शाळांमधल्या शपथा, अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्यांच्या फटाकेमुक्त दिवाळीच्या मोहिमा आणि घरोघरी 'मला नकोत फटाके' म्हणणारी मुले यांचा वाटा आहे, असे मला वाटते.

म्हणून "परंपरा बुडेल" ही भीती बाळगू नका. एकच देखावा, जाणकारांच्या हाती, वस्तीपासून लांब मोकळ्या जागी, सगळ्यांनी मिळून पाहायचा, हे पर्वतीच्या दारूच्या लंकेचे रूप होते. सामूहिक आतषबाजी सुचवताना २०१८ मध्ये न्यायालयाने जवळजवळ तेच सांगितले. परंपराच पाळायची तर ही जुनी परंपरा पाळता येईल. सुतळी बॉम्बपेक्षा ती दीडशे वर्षांनी तरी जुनी आहे.

या दिवाळीत काय करावे?

दमा, सीओपीडी, हृदयविकार असलेल्यांनी :
– रोजचा इनहेलर आणि गोळ्या बरे वाटते म्हणून बंद करू नका. दिवाळीच्या आधी एकदा डॉक्टरांना भेटा आणि त्रास वाढल्यास काय घ्यायचे ते लिहून घ्या.
– रात्री ८ ते मध्यरात्र खिडक्या बंद ठेवा. सकाळी धूर ओसरल्यावर उघडा. पहाटेचे फिरणे त्या दिवसांत टाळा.
– कापडी मास्क किंवा ओला रुमाल बारीक कण अडवत नाही. बाहेर जावेच लागले तर नीट बसणारा एन-९५ वापरा.
– सकाळी अंगण झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. झाडल्याने खाली बसलेले कण पुन्हा उडतात.
– छातीत दुखणे, बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे यांपैकी काही दिसल्यास वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

फटाके उडवणारच असाल तर :
– नागगोळी आणि माळ पूर्ण वर्ज्य करा.
– सुती कपडे, पायात चप्पल-बूट, शेजारी पाण्याची बादली. हाताला सॅनिटायझर लावून आग पेटवू नका. न फुटलेल्या फटाक्याकडे पुन्हा जाऊ नका.
– विझलेली फुलबाजीची तारही तापलेली असते. ती लगेच पाण्यात टाका.

भाजल्यास :
– नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीही लावू नका. फोड फोडू नका.
– डोळ्याला जखम झाली असेल तर चोळू नका, दाबू नका, धुऊ नका, थेंब टाकू नका. कागदी पेला अलगद झाकून सरळ नेत्ररुग्णालय गाठा.
– कानात शिट्टी किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवा. 'बसेल आपोआप' म्हणून आठवडा घालवू नका.

सोसायटीसाठी :
– दिवाळीच्या आधीच्या सभेत एक ठराव करा : वेळ ठरलेली, जागा एकच, शक्यतो मोकळ्या मैदानावर. कोणत्या घरात तान्हे बाळ, ऑक्सिजनवरचे रुग्ण किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेले कोणी आहे, याची यादी सचिवांकडे असू द्या. एकदा नाव कळले की लोक आपोआप सांभाळून घेतात, असा माझा अनुभव आहे.
– रात्री १० नंतर आवाज सुरूच राहिला तर ११२ वर तक्रार करता येते.

कंदील, रांगोळी, किल्ला, पहाटेचे अभ्यंगस्नान आणि फराळाचे ताट, यातले काहीही कोणाच्या फुप्फुसात जात नाही. ते सगळे भरपूर करा. (मधुमेहींनी फराळाचे प्रमाण किती ठेवावे, यावर पुढच्या लेखात लिहितो.)

आपणा सर्वांना उजेडाची आणि मोकळ्या श्वासाची दिवाळी लाभो.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपली औषधे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बदलू नयेत.)